बाळाचें दूध व पितळी भांडें

तांबें शरीरास थोडें लागतें. अधिक झाल्यास तें विष होय. यकृताच्या पेशींत मेटॅलोथायोनीन नांवाचें गंधकयुक्त प्रथिन असतें. धातु वाढतांच तें अधिक तयार होऊन तांब्यास बांधून ठेवतें. उरलेलें तांबें पित्तावाटे बाहेर पडतें. तान्ह्या मुलाचें हें बळ अपुरें असतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं १९८० नंतरच्या दशकांत यकृत कठीण होऊन दगावणाऱ्या बालकांची चौकशी केली. त्यांच्या यकृतांत तांबें फार सांचलेलें असे. आणि पुष्कळांस कोवळ्या वयापासून पितळी अथवा तांब्याच्या भांड्यांतील दूध पाजलेलें आढळलें. हीं भांडीं मागें पडलीं, तसा विकारहि विरळ झाला. आमच्या गडहिंग्लजकडे जुनीं पातेलीं अजून कांहीं घरीं आहेत. बाळाचें दूध मात्र स्टीलच्या पातेल्यांतच तापवावें, ही शेतकरी बंधुभगिनींस आमची विनंति आहे.