आधीं सांधा, मग माप

गेल्या वर्षीं आमच्या जुन्या मोटारीच्या पुढील चाकांचे टायर आंतल्या कडेनें झिजूं लागले. आम्हीं चाकांची अलाइनमेंट करून घेतली. दोन महिन्यांनीं पुन्हां तोच प्रकार. दुसऱ्यांदां पैसे भरले, तरी गुण आला नाहीं. अखेरीस एका अनुभवी मिस्त्र्यानें चाक उचलून, घड्याळांतील ९ व ३ ह्या अंकांच्या जागीं दोन्ही हात ठेवून तें हलविलें, तों आंत खट्कन आवाज झाला. टाय-रॉडच्या टोकाचा सांधा पार झिजला होता. त्याच गाडींतून आमचीं मुलें रोज शाळेस जात होतीं, हें आठवून छातींत धस्स झालें. त्या प्रसंगानें जो धडा दिला, तो विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ह्या भागाचें कार्य पाहूं. पुढचीं दोन चाकें स्वतंत्र खिळ्यांवर फिरवावीं, ही युक्ति म्यूनिक येथील गाड्या बनविणारे गेओर्ग लांकेन्श्पेर्गर यांची. रुडॉल्फ आकरमन यांनीं १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. आजच्या मोटारींत स्टिअरिंगची गति टाय-रॉड नांवाच्या दांड्या चाकांपर्यंत पोंचवितात. दांडीची लांबी बदलली कीं चाकाचें तोंड आंत वा बाहेर वळतें. अलाइनमेंटमध्यें मुख्यतः हीच लांबी बिनचूक बसवितात. पण सांधाच ढिला असेल, तर आज घेतलेलें माप उद्यां टिकावें कसें?

सांधा घरीं बदलावयाचा असल्यास गाडी सपाट जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा व मागील चाकांना ठोकळे लावावे. केवळ जॅकवर भरंवसा न ठेवतां मजबूत स्टँड द्यावा, मगच चाक काढावें. लॉकनटाची जागा आट्यांवर रंगानें खुणावी आणि तेथून सांध्याच्या मध्यापर्यंतचें अंतर लिहून ठेवावें. लॉकनट ढिला करून, स्प्लिट पिन व नट काढून, निमुळता खिळा पुलरनें सोडवावा. जुनें टोक जितक्या फेऱ्यांनीं निघालें, तितक्याच फेऱ्यांनीं नवें बसवावें. नट गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें आवळावा. खिळ्याचें छिद्र नटाच्या खांचेसमोर न आल्यास नट किंचित् आणखी आवळावा. मागें फिरवूं नये. पिन नवीच घालावी. शेवटीं लॉकनट घट्ट करावा.

इतकी काळजी घेतल्यावर अलाइनमेंटची गरज काय, असें कोणी विचारील. ह्याचें उत्तर गणित देतें. आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर आणि दांडी जेथें जोडली आहे त्या बाहूची लांबी १२५ मिलिमीटर माना. एक फेरा चुकला तर चाकाचा कोन १.५ भागिले १२५, म्हणजे ०.०१२ रेडियननें बिघडतो. गाडी सरळ जातांना ही चूक दोन्ही चाकें अर्धी अर्धी वांटून घेतात. म्हणून स्टिअरिंग वांकडें दिसतें. प्रत्येक चाकाच्या वांट्यास ०.००६ आलें. म्हणजे दर किलोमीटरमागें प्रत्येक टायर ६ मीटर आडवा घासला जातो! शिवाय नव्या टोकाची लांबी जुन्याशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं. खुणा व फेरे हे गाडी सावकाश अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरते. अंतिम माप यंत्रानेंच व्हावें.

विद्यार्थ्यांनीं हें काम एकट्यानें कधींहि करूं नये. ज्या पालकांच्या हाताला पान्याची संवय नाहीं, त्यांनीं तें मिस्त्र्याकडेच सोंपवावें. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र अलाइनमेंटचे पैसे देण्यापूर्वीं चाक उचलून हलवून पाहण्याचा आग्रह सर्वांनींच धरावा. आम्हीं तो धरिला नाहीं, आणि दोनदां ढिल्या सांध्याचेंच माप घेत बसलों.