एक बादली गरम पाणी

माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या खोलीतला आहे. बादलीत सोडायची कॉइल! (रेक्टर मॅडम, ती माझी नाही, रूममेटची आहे.)

थंडीत माझी रूममेट पहाटे कॉइल लावून परत झोपते. एकदा मी तिला म्हटलं, अगं, यातून केवढा कार्बन डायऑक्साइड होतो माहितीये का? ती पांघरुणातूनच म्हणाली, "हवेत तो ०.०४ टक्के. एवढ्याशाने काय होणार? आणि श्वासातूनही तोच निघतो, मग श्वास घेणं बंद करू का?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर दोन दिवस लायब्ररीत बसून जे हाती लागलं ते इथे देते.

आधी ते ०.०४. कोरड्या हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतो. दोन सारख्या अणूंचे हे रेणू जमिनीकडून वर जाणारी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड किरणं, जवळजवळ अडवतच नाहीत. उरलेल्यात बहुतेक आरगॉन, तोही या बाबतीत निरुपयोगी. म्हणजे हवा कितीही असली तरी उष्णता धरण्याचं काम मूठभर वायूच करतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने १८५९ साली नळीत एकेक वायू भरून हे मोजलं होतं. त्याच्याही आधी, १८५६ साली, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यात हा वायू भरून उन्हात ठेवला आणि तो साध्या हवेपेक्षा जास्त तापतो हे दाखवलं. आमच्या एकाही पुस्तकात या बाईंचं नाव नव्हतं.

उष्णता धरण्यात पाण्याच्या वाफेचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण वाफ काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते, आणि हवा गार झाली की ती कमीच मावते. कार्बन डायऑक्साइड तसा गळून पडत नाही. तो हवा उबदार ठेवतो म्हणून वाफही टिकते. हे सगळे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ते १५ अंशांच्या आसपास आहे ते यांच्यामुळेच. तेव्हा हा वायू काही सिनेमातला व्हिलन नाही.

आता श्वास. आपण प्रत्येक जण दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण तो कार्बन मेसच्या पोळीतला, आणि गव्हाने तो गेल्या हंगामात हवेतूनच घेतलेला. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर परत केली, एवढंच. कोळशाचं तसं नाही. विदर्भातल्या खाणींमधला कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांपूर्वीची झाडं. तो कार्बन हिशोबातून केव्हाच बाहेर गेला होता, तो आपण आत आणतोय.

हे नुसतं म्हणणं नाही, त्याला पुरावा आहे आणि मला तो सगळ्यांत आवडला. जिवंत झाडात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे कोळशात तो औषधालाही उरत नाही. कोळशाचा धूर मिसळला की हवेतलं त्याचं प्रमाण पातळ व्हायला हवं. हान्स स्यूसने १९५५ साली नव्या आणि जुन्या लाकडाची तुलना करून नेमकं हेच दाखवलं. पुढे चार्ल्स कीलिंगने १९५८ पासून हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली, तेव्हा आकडा ३१५ पीपीएमच्या आसपास होता. कारखान्यांच्या आधीच्या काळात तो २८० होता. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. आणि आपण सोडलेल्यातला जवळपास निम्मा तर समुद्र आणि झाडं गिळतात, तरीही हे!

आता बादली. १,५०० वॉटची कॉइल ४० मिनिटं म्हणजे एक युनिट. त्यात २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत जातं. कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. मोल कन्सेप्ट लावा: १,००० भागिले ४४, गुणिले २२.४, म्हणजे ५०० लिटरच्या वर. एक बादली गरम पाणी, पंचवीस बादल्या गॅस. रूममेटने कॅल्क्युलेटर घेऊन दोनदा तपासलं. आता ती कॉइल वीस मिनिटंच लावते आणि मला शिव्या देत आंघोळ करते.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझे बाबा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात आहेत, कोळसा हाताळणी विभागात. माझी शाळा, इथली फी, मेसचं बिल, सगळं त्या कोळशातून आलं. दिवाळीला घरी गेले तेव्हा हाच हिशोब मी ५०० मेगावॉटच्या एका संचाला लावून त्यांना दाखवला. पूर्ण भारावर तासाला ५०० टन, आठ तासांच्या पाळीला ४,००० टन. दाखवताना हात जरा थरथरला, खोटं कशाला बोलू. बाबांनी चष्मा लावला, कागद दोन मिनिटं बघितला, मग खिशातलं पेन काढून म्हणाले, "केंद्राची स्वतःची वीज धरली नाहीस. कन्व्हेयर, पंप, पंखे, सगळे त्यावरच चालतात. घरापर्यंत पोचणारं युनिट धरलंस तर आकडा अजून वाढेल." आणि माझ्या ४,००० वर काट मारून त्यांनी गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं.