दादांची नवी पाटी

दादा हे आमचे थोरले बंधू. वय ७८. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली. मुलगी बदलापूरला असते, मुलगा उल्हासनगरला. घरात दादा आणि वहिनी दोघेच.

दोन वर्षांपूर्वी दादांना विसर पडू लागला. जेवण झाले तरी म्हणायचे, "अगं, जेवायला वाढ." एके पहाटे "ड्यूटीवर जातो" म्हणून बाहेर पडले. दुपारी बदलापूरच्या फलाटावर सापडले. घर कोठे, हे त्यांना सांगता येईना.

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "हे वेड नव्हे, हट्टही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे." त्याला अल्झायमर म्हणतात. याच नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली तो प्रथम लोकांपुढे मांडला. तो अजून पुरता बरा होत नाही. पण प्रत्येक विसर म्हणजे हा आजार नव्हे. थायरॉइड बिघडले किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी विसर पडतो. त्यावर औषध आहे. म्हणून आधी तपासणी करावी.

मुलीला रोज येणे जमेना. तिने दादांना टॅबलेट आणून दिला. टॅबलेट म्हणजे गोळी नव्हे, बरे का! पाटीएवढा मोठा फोन. त्यावर बोलणाऱ्याचे तोंड दिसते.

आम्ही पडलो मास्तर. आठ दिवस दादांना शिकवले. येथे दाबा, तेथे सरकवा. पडद्यावर तीस चित्रे! नवव्या दिवशी दादांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "अरे, मला पुन्हा शाळेत कशाला घालतोस?"

तेव्हा आमचे डोळे उघडले. चूक दादांची नव्हती, पाटीची होती. मंडळी, तुम्ही पहिले अक्षर गिरवले, तेव्हा पाटीवर किती अक्षरे होती? एकच ना? मग दादांपुढे तीस चित्रे कशाला?

आम्ही पाटी पुसली. ती अशी:

१. आधी दादांनाच विचारले, "तुम्हाला काय हवे?" म्हणाले, "पोरे दिसावीत, भजन ऐकावे." तेच धरून चाललो.

२. पहिल्या पानावर चारच मोठी चित्रे ठेवली. मुलगी, मुलगा, भजन आणि घरचे जुने फोटो. खाली ठळक मराठी अक्षरे. मुलीच्या फोटोला बोट लावले की तिलाच फोन लागतो. असे सोपे पान करून देणारी ॲप अँड्रॉइडवर मिळतात. ॲपलच्या आयपॅडवर २०२३ पासून 'असिस्टिव्ह ॲक्सेस' नावाची सोय आहे.

३. उघडण्याचा गुप्त अंक काढून टाकला. तो दादांच्या लक्षात राहत नाही. पण मग पाटी कोणीही उघडू शकतो. म्हणून तिच्यात बँक, पैसे, ओटीपी काही ठेवले नाही. अनोळखी फोनही बंद केले.

४. पाटी दादांच्या खुर्चीजवळ ठेवली. रात्री वहिनी ती चार्जिंगला लावतात, सकाळी तेथेच ठेवतात. चित्रांची जागाही बदलत नाही. जागा बदलली की दादांना सारे परके वाटते.

आता दादा स्वतः मुलीला फोन लावतात. कधी तिचे नाव आठवत नाही. पण ती "ओळखा पाहू!" असे म्हणत नाही. आपणच सांगते, "बाबा, मी तुमची लेक, बदलापूरहून बोलते." दादा हसतात.

मात्र पाटी काही राखण करत नाही. म्हणून दादांच्या खिशात नाव, पत्ता व फोन लिहिलेली चिठ्ठी असते. ती वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. माणूस हरवला तर लगेच ११२ लावावा. वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७ हा फुकट फोन आहे.

दादांचा आजार पुढे वाढेल. चार चित्रांची दोन करावी लागतील. तेव्हा तेही करू. माणसाला बदलता येत नसेल, तर पाटी बदलावी.

सांगा पाहू

१. दादांना टॅबलेट आधी का जमला नाही?
२. त्यात बँकेचे काम का ठेवले नाही?
३. तुमच्या घरच्या वृद्धांसाठी नाव, पत्ता व फोनची चिठ्ठी लिहा.