आधी तिजोरी, मग पिस्तूल

बाळा, परवा फोनवर तू विचारलंस, "काका, उशिराची पाळी संपवून एकटी घरी येते. पर्समध्ये छोटं पिस्तूल ठेवायचं म्हटलं तर किती पैसे बाजूला काढू?" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. इथे जर्मनीत नेमबाजीच्या क्लबात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सगळं नीट लिहितो. जपून ठेव.

पर्समधल्या पिस्तुलाचा खर्च वहीत लिहूच नकोस. जर्मनीत पिस्तूल घरी ठेवायचा परवाना वेगळा आणि अंगावर बाळगायचा वेगळा. बाळगायच्या परवान्याला वाफेनशाइन म्हणतात. इतरांपेक्षा आपल्या जिवाला फार जास्त धोका आहे आणि हत्याराने तो कमी होईल, हे त्यासाठी सिद्ध करावं लागतं. वर 10 लाख युरोंचा विमा दाखवावा लागतो. तुझ्यामाझ्यासारख्यांना तो मिळत नाही, आणि गावाकडचा परवाना इथे चालत नाही. बिनपरवाना पिस्तूल सापडलं तर 6 महिने ते 5 वर्षं कैद होऊ शकते.

कुणी सांगेल, "छोटा परवाना काढ, गॅसचं पिस्तूल घे." तो परवाना पीटीबी या सरकारी संस्थेच्या शिक्क्याच्या पिस्तुलापुरता असतो, आणि तो असला तरी जत्रेत, उत्सवात ते नेता येत नाही. शिवाय ते दिसतं हुबेहूब खऱ्यासारखं. अंधारात समोरच्याला, पोलिसांनाही, फरक कळत नाही. त्या वाटेला जाऊ नकोस.

आता दुसरी गोष्ट. तुला लहानपणापासून नेमबाजीची ओढ आहे, हे मला ठाऊक आहे. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली याच देशात, म्युनिकला, जागतिक विजेतेपद मिळवलं. राही सरनोबतने 2019 च्या विश्वचषकात तिथेच सुवर्ण जिंकलं. त्या वाटेने जायचं असेल तर खर्चाचा क्रम मी सांगतो तसा लाव.

सुरुवात एअर पिस्तुलाने कर. 7.5 ज्यूलच्या आतलं, पंचकोनात एफ अक्षर कोरलेलं पिस्तूल 18 वर्षांवरच्या कुणालाही परवान्याशिवाय विकत घेता येतं. तेही रस्त्याने उघडं न्यायचं नाही, कुलूपबंद पेटीतूनच न्यायचं. पहिले काही महिने मात्र क्लबाचंच वापर. वर्गणी भर, छर्रे घे, आणि मन रमतं का बघ.

मग वेळेचा हिशोब मांड. खऱ्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी क्लबात किमान 12 महिने काढावे लागतात. त्या वर्षात दर महिन्याला एकदा किंवा एकूण 18 वेळा सराव झाल्याची नोंद हवी. शस्त्रज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. वय 25 च्या आत असेल तर मानसिक योग्यतेचा दाखलाही स्वखर्चाने आणावा लागू शकतो. आणि सलग 5 वर्षं इथे राहत नसलीस, तर तेवढ्या कारणावरून परवाना देणारी कचेरी अर्ज नाकारू शकते. म्हणून घाईने काही विकत घेऊ नकोस.

तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्यायची. इथे नवखे हमखास फसतात. जुन्या ए आणि बी वर्गाच्या कपाटांची स्वस्त जाहिरात दिसते. पण 6 जुलै 2017 पासून नव्या माणसाला किमान शून्य श्रेणीची तिजोरीच लागते. 200 किलोच्या आतल्या अशा तिजोरीत 5 पिस्तुलं ठेवता येतात, म्हणजे तुला ती आयुष्यभर पुरेल. कुलूप आकड्यांचं घे. 2023 मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की तिजोरीची किल्लीही तितक्याच भक्कम जागी ठेवायला हवी. किल्लीचं कुलूप घेतलंस तर त्या किल्लीसाठी दुसरी तिजोरी घ्यावी लागेल. आणखी एक, पोचवण्याचा खर्च विचारून घे. माझी तिजोरी फूटपाथवर उतरवून गाडी निघून गेली होती, आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायला मला वेगळी माणसं लावावी लागली.

गोळ्यांचा खर्च मोजायची रीत सोपी आहे. एका सरावाला 50 गोळ्या धर. 18 सरावांना 900 होतात. दुकानात एका गोळीचा भाव विचार आणि गुण. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, हा खर्च मात्र दर वर्षीचा. पुढेही हात आखडता येत नाही, कारण परवाना टिकवायचा तर स्वतःच्या पिस्तुलाने दर तिमाहीला एकदा किंवा वर्षाला सहा वेळा सराव दाखवावा लागतो. घरी तिजोरीच्या तपासणीला कचेरीचा माणूस येतो. काही गावांत त्याचीही फी घेतात. त्यासाठी थोडी शिल्लक ठेव.

आता तुझी खरी काळजी, रात्रीचा रस्ता. त्यासाठी वहीत वेगळं पान कर आणि वर लिही, "रात्रीची टॅक्सी". काही शहरांत बायकांना रात्रीच्या टॅक्सीला सवलत मिळते, तुझ्या नगरपालिकेत चौकशी कर. ते पैसे नेमबाजीच्या पानाकडे वळवू नकोस, मग ती तिजोरी एक वर्ष उशिरा आली तरी चालेल. आणि घरी पोचलीस की फोन कर. कितीही वाजू देत, मी जागा असतो.