‘शेवटी’ : एक मराठी शब्द, चार इंग्रजी क्रियाविशेषणे

मराठीतून इंग्रजीत अनुवाद करताना ‘शेवटी’ हा शब्द सोपा वाटतो. परंतु त्याच्यासाठी ‘लास्टली’, ‘फायनली’, ‘ॲट लास्ट’ आणि ‘इव्हेंच्युअली’ असे चार पर्याय समोर येतात. त्यांतील भेद पाहू.

अर्थभेद

1. लास्टली : क्रमाने मांडलेल्या मुद्द्यांपैकी अखेरचा मुद्दा दर्शवितो. विलंबाशी त्याचा संबंध नाही.

2. फायनली : याचे दोन अर्थ आहेत. वाक्यारंभी स्वल्पविरामासह आल्यास तो बहुधा क्रम दाखवितो. साहाय्यक क्रियापदानंतर आल्यास दीर्घ काळानंतर घडलेली गोष्ट सांगतो.

3. ॲट लास्ट : यात प्रतीक्षा संपल्याचा सुस्कारा असतो. मराठीतील ‘एकदाचा’ हा शब्द त्याला जवळचा आहे. ‘द रेन हॅज कम ॲट लास्ट’ म्हणजे ‘पाऊस एकदाचा आला’. मुद्द्यांच्या यादीत तो चालत नाही.

4. इव्हेंच्युअली : अनेक घडामोडींनंतर, ‘कालांतराने’. बोलणाऱ्याची भावना येथे तटस्थ असते. म्हणून अप्रिय घटनेलाही तो चालतो.

1982 च्या संपानंतर मुंबईतील अनेक कापड गिरण्या शेवटी बंद पडल्या. या वाक्याच्या अनुवादात ‘इव्हेंच्युअली’ योग्य ठरते. ‘ॲट लास्ट’ योजल्यास लेखक गिरण्या बंद पडण्याचीच वाट पाहत होता, असा अर्थ निघेल. एका शब्दाने कामगारांच्या दुःखाचा सूर पालटतो.

व्यवहारातील दक्षता

वरिष्ठांना आभारपत्र लिहिताना ‘यू हॅव ॲट लास्ट सॅंक्शन्ड माय लीव्ह’ असे लिहिल्यास आभाराऐवजी विलंबाची तक्रार व्यक्त होते. ‘फायनली’ने ती किंचित सौम्य होईल, पण नाहीशी होणार नाही. अशा वेळी क्रियाविशेषण गाळणेच उचित.

कसोटी

‘शेवटी’च्या जागी ‘अखेरचा मुद्दा म्हणजे’, ‘एकदाचा’ आणि ‘कालांतराने’ हे शब्द क्रमाने ठेवून पाहावेत. जो शब्द वाक्याचा भाव कायम राखतो, तोच इंग्रजी पर्यायाची दिशा दाखवितो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

योग्य क्रियाविशेषण निवडा.
(अ) शेवटी, मी सर्व शिक्षकांचे आभार मानतो.
(आ) दोन तास ताटकळल्यावर शेवटी बस आली!
(इ) उपचार होऊनही शेवटी त्यांची दृष्टी गेली.

उत्तरे : (अ) लास्टली किंवा फायनली, (आ) ॲट लास्ट किंवा फायनली, (इ) इव्हेंच्युअली.