पान कितीला पडतं आणि घर कितीला?

शैक्षणिक मासिकाचा जाहिरात प्रतिनिधी दरपत्रक टेबलावर पसरतो आणि बोट थेट पूर्ण पानाच्या आकड्यावर नेतो. “दहा हजार प्रती आहेत सर, सगळे पालक.” पेठ वडगावात क्लास, अकादमी, वसतिगृहाची शाळा किंवा पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्यानं इथं चहा मागवावा आणि एवढंच विचारावं : आपल्या टापूत यातल्या किती येतात?

संध्याकाळच्या क्लासला मूल येणार ते गावातून, फार तर भादोले, लाटवडे, मिणचे, किणी, अंबप इथून. सायकलीवर नाहीतर वडापनं. नाशिकचा वर्गणीदार क्लासवाल्याच्या काय कामाचा? हिशेबापुरतं धरू, पानाचा दर 12,000 रुपये आणि प्रती 10,000. प्रतिनिधी सांगेल, घरामागं 1 रुपया 20 पैसे. पण टापूत 150च वर्गणीदार असतील तर तेच घर 80 रुपयांना पडतं. एवढ्या पैशात त्या घरी स्वतः जाऊन बसता येईल, वर मुलाच्या हातावर बिस्किटपुडाही ठेवता येईल. तेच पान वसतिगृहाच्या शाळेनं घेतलं तर गणित उलटं होतं. तिच्याकडं सांगली, सातारा, सोलापूर, बेळगावकडून मुलं यायची असतात. त्या भागात 4,000 प्रती जात असतील तर घर 3 रुपयांना पडलं, घ्यावं पान. वडगावात दोन्ही प्रकारची माणसं शेजारी-शेजारी धंदा करतात आणि एकमेकांचं बघून जाहिराती देतात, घोटाळा तिथं होतो.

प्रतींचा आकडा तोंडी घेऊ नका. जिल्हावार वर्गणीदारांची यादी मागा. नावं नकोत, नुसत्या संख्या. छापलेल्या, विकलेल्या आणि फुकट वाटलेल्या प्रती वेगळ्या लिहून घ्या. अंकाला नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. 1 मार्च 2024 पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे. नोंदणी म्हणजे खपाची हमी नव्हे, पण ती नसेल तर पुढं बोलायचं कारण नाही.

मासिक शिक्षणाचं म्हणजे वाचणारे पालकच, हाही एक गैरसमज. ‘किशोर’ 1971 पासून बालभारती काढते, ते मुलांसाठी. ‘जीवन शिक्षण’ शिक्षकांसाठी. पुण्याची ‘पालकनीती’ 1987 पासून पालकांशी बोलते. तुमच्यासमोरचा अंक यातल्या कोणत्या जातीचा आहे ते चाळून ठरवा. शाळेच्या स्टाफरूममध्ये पडून राहणारा अंक पालकांपर्यंत जात नाही.

आता दरपत्रकात बारीक अक्षरात असतं ते. छापील जागेवर जीएसटी 5 टक्के. डिझाइन वेगळं करून घेतलं आणि करणारा नोंदणीकृत असला तर त्याच्या बिलावर 18. नोंदणीकृत क्लासला हा कर आपल्या करातून वळता करता येतो. शाळेची फी करमुक्त, त्यामुळं तिला तो खर्चच. एजन्सीमार्फत गेलात तर तिचं कमिशन, रूढ दर 15 टक्के, मासिकाच्या वाट्यातून जातं. थेट गेल्यावर तेवढी सूट मागायला लाजू नका. मलपृष्ठाचा दर जास्त असणारच. आतल्या पानांत रंग हवा असेल तर आधी विचारा, कारण रंगीत फॉर्म ठरावीकच असतात.

प्रूफ मागा, आणि फोन नंबर स्वतः लावून बघा. मी एकदा एका क्लासची जाहिरात दिली होती. नंबराचा एक आकडा चुकला आणि महिनाभर फोन गेले ते एका ट्रॅक्टरवाल्याकडं. बिचारा प्रत्येकाला “इथं नांगरट होते” म्हणून सांगायचा. मासिकानं पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली. पैसे परत नाहीत. आमच्याकडं लेखी ऑर्डर नव्हती. ऑर्डरमध्ये महिना, जागा, आकार, रंग आणि चूक झाल्यास फेरछपाई एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. बिल द्यायचं ते छापील अंक हातात आल्यावर.

वेळ साधा. 1909च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंक आणि जाहिराती यांचं जमलंय, म्हणून प्रतिनिधी दिवाळीआधी जास्त फिरतात. पण शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं. वसतिगृहाचा विचार घरात जानेवारीनंतर निघतो, क्लासचा मे महिन्यात. दिवाळीचं पान तोवर रद्दीत.

मजकुराचंही सांभाळा. वडगावातल्या फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो ओळीनं असतात, तेच उचलून मासिकात द्यायची सवय आहे. नोव्हेंबर 2024च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार कोचिंगवाल्यांना निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरता येत नाही. त्यानं कोणता कोर्स, किती काळ केला हेही सांगावं लागतं. “शंभर टक्के निवडीची हमी” तर नकोच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

शेवटचा खर्च एका वहीचा. प्रवेशाच्या टेबलावर ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाला विचारून लिहा, कुठं कळलं. माझ्या ओळखीच्या एका क्लासनं दोन वर्षं हे केलं. पानं भरली ती “मेव्हण्यानं सांगितलं”, “बाजारात बोर्ड बघितला” अशा नोंदींनी. तिसऱ्या वर्षी त्यांनी पूर्ण पानाचं पाव पान केलं आणि उरलेल्या पैशांत एसटी स्टँडजवळचा बोर्ड रंगवून घेतला.