गरम पाण्याचे कुंड : कोणी उतरावे, कोणी थांबावे?

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, गुडघे फार धरलेत, उनकेश्वरला जाऊन येऊ का?" आपल्याच नांदेड जिल्ह्यात किनवटकडे असलेले उनकेश्वरचे उष्ण झरे सर्वांना ठाऊक आहेत. शरभंग ऋषींचा त्वचारोग जावा म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. म्हणून सांधेदुखीबरोबर कातडीचे रोगीही तेथे जातात. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, जळगावकडे उनपदेव येथेही असेच झरे आहेत. शहरांत तर आता वाफेच्या खोल्या आणि 'सौना' निघाले आहेत. सौना म्हणजे कोरड्या उष्णतेची खोली. तेथील हवा ८० अंश सेल्सिअसच्या वरही तापवतात.

शेकाने काय होते?

उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि पाण्यात शरीराचे वजन हलके होऊन सांध्यांवरचा ताण कमी होतो. त्यामुळे गुडघा, कंबर यांना खरोखर आराम पडतो. मात्र हा आराम तात्पुरता असतो. झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही.

बधिर पायांचा धोका

काही वर्षांपूर्वी पासष्टीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मधुमेह पंधरा वर्षांचा. पाय दुखतात म्हणून घरीच बादलीत कढत पाणी घेऊन ते पाय सोडून बसले होते. दोन्ही तळव्यांना फोड आले, पण त्यांना पत्ता नव्हता. सुनेने पाहिले तेव्हा कळले. पुढे जखम चिघळली आणि एका पायाची दोन बोटे काढावी लागली. मी त्यांना दर महिन्याला साखरेच्या गोळ्या लिहून देत होतो, परंतु पायांची संवेदना कधी तपासली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या चपला काढून पाय पाहतो.

कातडी भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. ६० अंशांचे पाणी साधारण ५ सेकंदांत भाजते, तर ४९ अंशांचे सुमारे १० मिनिटांत. धडधाकट माणूस चटका बसताच पाय मागे घेतो. ज्याच्या नसा बधिर झाल्या आहेत, तो आरामात बसून राहतो.

चट्टा असेल तर आधी तपासणी

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श, गरम-थंड कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. कुंडातील स्नानाने तो बरा होत नाही. औषधाने मात्र पूर्ण बरा होतो. सहा महिने किंवा वर्षभराचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कुंडाच्या वाऱ्या करण्यात दोन वर्षे गेली, तर हातापायाची बोटे वाकडी होण्याची भीती असते. श्रद्धेने अवश्य जावे, पण चट्टा आधी दाखवून औषध सुरू करावे.

कोणी थांबावे?

हृदयविकार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, गरोदर स्त्रिया, ताप किंवा उघडी जखम असलेले, तसेच मद्य घेतलेले यांनी कढत पाणी, वाफ व सौना टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना कुंडातून एकदम उठल्यास भोवळ येते. लहान मुलांना कुंडाजवळ एकटे सोडू नये.

इतरांनी काय करावे?

१. पाण्यात उतरण्यापूर्वी कोपर बुडवून पाहावे. ३७ ते ४० अंश, म्हणजे अंगाला सुखद कोमट, एवढेच पुरे.
२. मधुमेह्यांनी स्वतःच्या पायावर विश्वास न ठेवता घरच्या माणसाकडून पाणी पाहून घ्यावे.
३. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावे, सावकाश उठावे व पाणी प्यावे.
४. भरल्या पोटी व एकट्याने जाऊ नये.
५. नेहमीच्या गोळ्या बरोबर न्याव्यात, बंद करू नयेत.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक करा. डोळे मिटा आणि घरच्या कोणाला तरी कापसाचा बोळा तुमच्या पायाच्या बोटांना हलकेच लावायला सांगा. कळले नाही, तर उनकेश्वरची गाडी धरण्याआधी दवाखान्यात या.